आगगाडीचा हिशेब

दरवर्षी ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन साजरा करतो. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं. मराठीतलं हे पहिलं वृत्तपत्र. शेजारीशेजारी दोन स्तंभ, एक मराठी आणि एक इंग्रजी. शाळेत ही तारीख आमच्याकडून इतकी घोकून घेतली होती की आज पन्नाशी उलटली तरी ती जिभेवर आहे.

पण त्याच आठवड्यातली आणखी एक तारीख मला फार उशिरा कळली. ‘दर्पण’ निघण्याच्या चारच दिवस आधी, २ जानेवारी १८३२ रोजी, तिकडे न्यूयॉर्कमध्ये एक साप्ताहिक जन्माला आलं. नाव होतं ‘अमेरिकन रेल-रोड जर्नल’ आणि चालवणारे गृहस्थ होते डी. किंबल मायनर. रेल्वेच्या धंद्याला वाहिलेल्या अगदी सुरुवातीच्या नियतकालिकांपैकी हे एक. त्यात राजकारण दुय्यम. मुख्य विषय लोखंडी रस्ता. तो कुठे टाकायचा, कसा टाकायचा, त्याला पैसा किती लागेल आणि तो परत कधी मिळेल, याची चर्चा.

तुम्ही म्हणाल, कविता लिहिणाऱ्या माणसाला या रुक्ष कागदांशी काय देणंघेणं? ते सांगतो. माझे अब्बा रेल्वेत पॉइंट्समन होते. लोक पाइंटमन म्हणत. आमचं गाव जंक्शनचं. मालगाडीचे डबे जोडायचे, सोडायचे, हे अब्बांचं काम. एका पावसाळी रात्री दोन डब्यांच्या मध्ये जोडणी करताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. अम्मी सांगायची की त्या रात्रीची नोंद कुठल्याशा वहीत एका ओळीत झाली, आणि त्याच वहीत गाडीला झालेल्या उशिराची नोंद मात्र तीन ओळींत होती. खरं-खोटं मला माहीत नाही, ती वही मी पाहिलेली नाही. पण तेव्हापासून रेल्वेचा कुठलाही छापील कागद हाती आला की मी आधी एकच गोष्ट शोधतो. यात माणसांचा रकाना कुठे आहे?

काही महिन्यांपूर्वी माझ्या मुलीनं संगणकावर या जुन्या रेल्वे-पत्रांचे अंक काढून दिले. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची ती पिवळी पानं मी बऱ्याच रात्री वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते आज आपल्यापुढे ठेवतो.

मायनर यांनी साप्ताहिक काढलं तेव्हा सगळ्या अमेरिकेत मिळून शंभर मैलसुद्धा लोहमार्ग नव्हता. म्हणजे धंदा अजून उभा राहायचा होता आणि धंद्याचं पत्र आधीच छापून तयार होतं! पण त्यामागे हिशेब होता. त्या काळात अमेरिकेत कालव्यांचा बोलबाला होता. हडसन नदीला मोठ्या सरोवरांशी जोडणारा ईरी कालवा १८२५ साली पुरा झाला होता आणि तो चांगला चालला होता. जो तो म्हणे, आमच्या प्रांतात कालवा खणा. अशा वेळी लोखंडी रस्ता बरा, असं सांगायला कुणीतरी वकील हवा होता. ते काम या साप्ताहिकानं पत्करलं. इंजिनियरांचे अहवाल, चढ-उताराची गणितं, इंग्लंडातून आलेल्या इंजिनांची वर्णनं, सगळं त्यात येई. आणि एवढ्यानं पानं भरत नसत म्हणून सुरुवातीच्या काळात शेतीची माहिती, इकडच्या-तिकडच्या बातम्या आणि थोडं साहित्यही छापलं जाई. धंद्याच्या पत्रात साहित्य! मला तर तिथेच त्या संपादकाबद्दल आपुलकी वाटली.

अमेरिकेत वकील हवा होता, तर इंग्लंडात पहारेकरी हवा होता. कारण तिथे १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर मार्ग सुरू झाल्यापासून रेल्वे पैसा मिळवून देते हे लोकांना दिसलं होतं. १८३५ साली लंडनमध्ये ‘रेल्वे मॅगझीन’ निघालं आणि पुढच्याच वर्षी ते जॉन हेरापाथ यांच्या हाती आलं. पुढे ते ‘हेरापाथचं रेल्वे जर्नल’ म्हणूनच ओळखलं गेलं. या हेरापाथांची गोष्ट मोठी गमतीची आहे. मूळचे ते गणिताचे आणि भौतिकशास्त्राचे माणूस. वायूचे बारीक कण सतत इकडून तिकडे धावत असतात आणि उष्णता म्हणजे या धावण्याचाच परिणाम, असा विचार त्यांनी मांडला. १८२० साली तो निबंध त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीकडे दिला. तिथे तो स्वीकारला गेला नाही. पुढे रेल्वेचं मासिक हातात आल्यावर हेरापाथांनी १८३६ साली ध्वनीच्या वेगावरचं आपलं गणित चक्क त्यातच छापलं. रूळ, डबे, भागभांडवल आणि मध्येच वायूचे कण! संपादक आपणच असल्यावर साभार परत कोण करणार? पण हसण्यावारी नेऊ नका. पुढे १८४८ मध्ये जूल यांच्यासारख्या शास्त्रज्ञानं हेरापाथांच्या विचाराचा आधार घेतला आणि विज्ञानाच्या इतिहासात त्यांचं नाव राहिलं. ज्ञान कुठल्या कागदावर छापून येईल, सांगता येत नाही.

पण या पत्रांची खरी परीक्षा पुढेच होती. १८४५ साली इंग्लंडात रेल्वेचं अक्षरशः वेड पसरलं. पाद्री, विधवा, निवृत्त शिपाई, दुकानदार, सगळे रेल्वेचे शेअर घेऊ लागले. शेअरच्या किमतीचा थोडा भाग आधी भरायचा, बाकीचा मागतील तेव्हा, अशी सोय होती. त्यामुळे ऐपत नसलेलेही त्यात उतरले. नव्या मार्गांचे नकाशे सरकारात दाखल करण्याची शेवटची तारीख होती ३० नोव्हेंबर १८४५. त्या दिवसासाठी नकाशे काढणारे आणि छापणारे रात्रंदिवस राबत होते. पुढच्या एका वर्षात पार्लमेंटनं रेल्वेचे अडीचशेहून अधिक कायदे मंजूर केले. त्यात सुमारे साडेनऊ हजार मैलांचे मार्ग होते. त्या वेडाच्या काळात मंजूर झालेल्या मार्गांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मार्ग कधी बांधलेच गेले नाहीत.

या वेडात रेल्वेची नवी पत्रं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. काही तर दररोज निघत. त्यांचं पोट कशावर चाललं होतं? जाहिरातींवर. प्रत्येक नवी कंपनी आपलं माहितीपत्रक छापायला पानंच्या पानं विकत घेई. मग ज्याच्या जाहिरातीवर छापखाना चालतो, तो मार्ग कागदावरच राहणार आहे हे वाचकाला कोण सांगणार? काहींनी इशारे दिले, बऱ्याच जणांनी डोळे मिटले. वेड उतरलं, शेअर कोसळले, आणि जाहिराती आटल्यावर यातली बरीचशी पत्रंही मिटली. ‘रेल्वेचा राजा’ म्हणून मिरवणारे जॉर्ज हडसन १८४९ साली हिशेबातल्या लबाड्या उघड झाल्यावर पायउतार झाले. ते आपल्या कंपन्यांचा लाभांश कधीकधी चक्क भांडवलातून वाटत होते. छापील आकड्यावर लोकांनी विश्वास ठेवला होता आणि तो आकडाच खोटा होता.

याच १८४५ सालाच्या धामधुमीत आपल्या मुंबईचं नावही लंडनच्या शेअर बाजारात पोचलं. जॉन चॅपमन या गृहस्थानं ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे’ची कल्पना तिथे मांडली आणि त्याच वर्षी तो पाहणीसाठी मुंबईत आला. इथे नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांनी रेल्वेसाठी आधीच हालचाल सुरू केली होती. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, तो वऱ्हाडात पिकत होता, आणि वऱ्हाड ते मुंबई बंदर बैलांच्या पाठीवरून येताना त्यात धूळ मिसळे आणि पावसात तो भिजे. चॅपमननं १८५१ साली भारतातल्या कापसावर आणि व्यापारावर एक पुस्तकच लिहिलं.

पण वेडाच्या काळात पोळलेला इंग्रज गुंतवणूकदार दूरदेशी पैसा लावायला सहजी तयार नव्हता. १८४९ साली कंपनीचा कायदा झाला आणि ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. करार असा, की भांडवलावर पाच टक्के परतावा मिळेलच. रेल्वेला नफा झाला नाही तर ती रक्कम हिंदुस्थानच्या महसुलातून भरून दिली जाईल. म्हणजे नफा झाला तर भागधारकाचा आणि तूट आली तर इथल्या शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यातून. भागधारकाला घर सोडायचीही गरज नव्हती. लंडनमध्ये कंपनीच्या सहामाही सभा होत आणि त्यांचे वृत्तान्त रेल्वेच्या पत्रांतून छापून येत. इतके मैल झाले, इतके उरले, इतका खर्च, इतकी मिळकत.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, हे सगळं आपण ऐकलेलं असतं. खरं अवघड काम त्यानंतरचं. पुण्याकडे जायचं तर बोरघाट चढायला हवा. १८५६ ते १८६३ अशी सात वर्षं तो घाट पोखरला जात होता. जवळजवळ सोळा मैलांची चढण, पंचवीस बोगदे, अठराशे फुटांहून अधिक उंची. १८६१ च्या सुरुवातीला या एका घाटावर चाळीस हजारांहून अधिक माणसं राबत होती. मजुरी थकली म्हणून १८५९ च्या जानेवारीत मजुरांनी उठाव केला आणि पहिल्या कंत्राटदारानं काम सोडलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही दिवसांतच आजारानं गेला. त्याची बायको ॲलिस हिनं कंत्राट पुढे चालवलं आणि पुरं करून घेतलं.

घाटाचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले यांनी १८६० साली लंडनच्या इंजिनियरांच्या संस्थेपुढे या कामावर निबंध वाचला. चढण, खडकाचा प्रकार, पुलांचे गाळे, दर घनयार्डाचा खर्च, सगळं त्या काळच्या तांत्रिक कागदपत्रांत बारकाईनं आहे. पण पटकीनं, सुरुंगानं, दरडीनं या घाटात किती माणसं मेली? नावनिशीवार यादी नाही. पुढच्या अभ्यासकांनी साधनं चाळून अंदाज बांधले, ते वीस हजारांच्या पुढे जातात. अंदाज! खडकाचा घनयार्ड मोजलेला आणि माणसाचा अंदाज. पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्याच्या बोगद्यात गाडी शिरली की डब्यातली पोरं ओरडतात. मीही ओरडायचो. आता गप्प बसतो.

याचा अर्थ आकडे वाईट असा मात्र नाही. आकडा हा गरिबाचाही मित्र होऊ शकतो. त्यासाठी आपल्याला परत न्यूयॉर्कला, मायनर यांच्या त्या साप्ताहिकाकडे जायला हवं.

१८४९ साली, म्हणजे हडसन पडले आणि इकडे मुंबईच्या रेल्वेचा करार झाला त्याच वर्षी, त्या साप्ताहिकाला नवा संपादक मिळाला. हेन्री वार्नम पूअर. इंग्रजीत या आडनावाचा अर्थ गरीब, आणि काम मिळालं श्रीमंतांचे हिशेब तपासायचं! हे पूअर १८१२ साली जन्मलेले, आपल्या बाळशास्त्रींच्याच वयाचे. धंद्यानं वकील. त्यांचं म्हणणं साधं होतं. रेल्वे लोकांच्या पैशावर उभी राहते, तेव्हा तिची मिळकत, कर्ज आणि खर्च लोकांना दिसलाच पाहिजे. ते कंपन्यांना प्रश्नांची पत्रकं पाठवीत. पुष्कळ कंपन्या उत्तर देत नसत, तरी ते विचारत राहत.

१८५४ साली त्यांच्या म्हणण्याला पुरावाच मिळाला. न्यूयॉर्क आणि न्यू हेवन रेल्वेचे अध्यक्ष रॉबर्ट स्कायलर यांनी सुमारे वीस लाख डॉलरचे बनावट शेअर विकल्याचं उघड झालं. नामांकित घराण्यातला माणूस, कुणाला शंका आली नव्हती. माणसाच्या घराण्यावर नव्हे, हिशेबाच्या वहीवर विश्वास ठेवा, ती वही उघडी ठेवा, हा पूअर यांचा आग्रह त्यानंतर अधिकच धारदार झाला. १८६२ पर्यंत ते संपादक होते. १८६८ साली मुलाला सोबत घेऊन त्यांनी अमेरिकेतल्या सगळ्या रेल्वेंच्या माहितीची वार्षिक पुस्तिका काढली. १८३० साली तिथे २३ मैल लोहमार्ग होता आणि १८६० साली तीस हजारांवर गेला, असं आज कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळतं. असे आकडे गोळा करून ठेवण्याचं मोठं श्रेय या पुस्तिकेला. पुढे १९४१ साली तिच्या प्रकाशनसंस्थेचं दुसऱ्या एका संस्थेशी विलीनीकरण झालं आणि ‘स्टँडर्ड अँड पूअर्स’ तयार झाली. आपल्या देशाची पत किती, हे सांगणाऱ्या संस्थांपैकी एक म्हणून तिचं नाव आपण बातम्यांत ऐकतो. त्या नावातले हे पूअर.

मात्र पूअर यांच्या उघड्या वहीतही रकाने होते ते पैशाचे. भागधारकाला फसवू नका, हे त्यांनी सांगितलं. डबे जोडणाऱ्याची बोटं मोजा, हे सांगायला दुसरं पत्र यावं लागलं. ते पत्र ‘रेलरोड गॅझेट’. १८७३ सालापासून या पत्रानं अमेरिकेतल्या रेल्वे अपघातांची यादी दरमहा द्यायला सुरुवात केली. कुठे गाड्या धडकल्या, कुठे घसरल्या, कारण काय, मेले किती, जखमी किती. हेसुद्धा धंद्याचंच पत्र, कंपन्यांच्या साहेबांनी वाचायचं. पण दर महिन्याला तोच आकडा डोळ्यांपुढे येऊ लागला की साहेबालाही तो टाळता येत नाही.

तेव्हा अमेरिकेत डबे जोडायची पद्धत भयंकर होती. दोन डबे जवळ येत असताना मध्ये उभं राहून हातानं कडी अडकवायची आणि खिळा खाली सोडायचा. क्षणाचा उशीर झाला की बोटं जात, कधी जीव जाई. यार्डात नोकरी मागायला आलेल्या माणसाची बोटं शाबूत असली तर तो नवखा समजावा, असं म्हणत. योगायोग पाहा, १८७३ सालीच एली जॅनी यांनी आपोआप जुळणाऱ्या कडीचं पेटंट घेतलं. उपाय होता, पण खर्च कोण करणार? १८८९ च्या सुमारास सरकारी मोजदाद सुरू झाली तेव्हा कळलं, की वर्षाला सुमारे दोन हजार रेल्वे कर्मचारी मरतात आणि वीस हजार जखमी होतात. हे आकडे छापून आले, लोक हळहळले, आणि १८९३ साली कायदा झाला. डब्यांना आपोआप जुळणारी कडी लावलीच पाहिजे, गाडीला हवेचा ब्रेक असलाच पाहिजे. पेटंटपासून कायद्यापर्यंत वीस वर्षं गेली. पण रकाना उघडला गेला म्हणून निदान वीस वर्षांत काम झालं. उघडलाच नसता तर?

‘दर्पण’ आठ वर्षं चालून १८४० साली बंद पडलं. न्यूयॉर्कचं ते साप्ताहिक नावं बदलत, दुसऱ्या पत्रांत मिसळत विसाव्या शतकात पोचलं. एकानं मराठी माणसापुढे आरसा धरला, दुसऱ्यानं रेल्वेच्या मालकापुढे. दोन्हीकडे प्रश्न एकच. आरशात कोण दिसतं आणि कोण चौकटीबाहेर राहतं?

माझे अब्बा निवृत्तीनंतर बरीच वर्षं जगले. नमाजनंतर बोटांच्या पेरांवर तस्बीह मोजायची त्यांची सवय. लहानपणी एकदा मी विचारलं होतं, “अब्बा, तुमची तर दोन बोटं नाहीत. मग गिनती कमी नाही का भरत?” ते हसले. म्हणाले, “पूरी होती रे बेटा. दुसरा हाथ है ना.” त्यांची गिनती पुरी व्हायची. आपल्या वह्यांची अजून व्हायची आहे. पुढच्या वेळी घाटातून गाडी जाईल, तेव्हा तो उरलेला हिशेब आपण क्षणभर आठवू या. एवढंच सांगून थांबतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)